अकरा श्रोते आणि चार हजारांचा आकडा

पत्राचा सारांश: एक्केचाळीस वर्षांचे एक व्हायोलिनवादक लिहितात की, गेली सोळा वर्षे त्यांचा चरितार्थ स्टुडिओतील रेकॉर्डिंगवर चालला. पूर्वी आठवड्याला चार-पाच बोलावणी येत. आता महिन्याला दोन आली तरी पुष्कळ, कारण संगीत-संयोजक व्हायोलिनचा अख्खा ताफा संगणकातच उभा करतात. सात वर्षांपूर्वी सॅम्पल, म्हणजे संगणकावर वाजवता येणारे सुटे ध्वनिमुद्रित सूर, तयार करणाऱ्या एका कंपनीसाठी त्यांनी तीन दिवस एकेक सूर वाजवून दिला होता आणि त्याची बिदागी एकरकमी घेतली होती. आज दुसऱ्यांच्या जिंगलमध्ये त्यांना स्वतःचाच गज ऐकू येतो. गेल्या वर्षी साठवलेले पैसे घालून त्यांनी स्वतःच्या आठ रचनांचा अल्बम स्ट्रीमिंगवर आणला. एक रचना चार हजार वेळा ऐकली गेली, उरलेल्या सात दोनशे-तीनशेवर अडकल्या, आणि वर्षाची कमाई तारांच्या एका संचाइतकीही झाली नाही. भाचा म्हणतो, रोज तीस सेकंदांचा व्हिडिओ टाका. एक गृहस्थ ठरावीक रकमेत एक लाख ‘प्ले’ मिळवून देतो म्हणतात. एका छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, अल्बमचे सर्व हक्क कायमचे घेण्याचा करार पाठवला आहे. “डिजिटल तंत्रज्ञानाने वादकाचा धंदा संपवला. माझ्या गुरूंच्या काळी वादकाला मानही होता आणि कामही होते. मी आता हे सोडावे, की भाच्याचे ऐकून व्हिडिओ करत बसावे?” असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता, ते असेही सांगतात की, अकरा अनोळखी लोकांनी तिसऱ्या रचनेची स्वरलिपी मागितली होती, पण आकड्यांची लाज वाटून त्यांनी कोणालाच उत्तर पाठवले नाही.

नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्याच्या शेवटच्या दोन ओळींपाशी अडखळलो. तुम्ही जे जाता जाता लिहिले, तेच मला पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते. परंतु तिथे पोहोचण्याआधी तुमच्या काही समजुती तपासून पाहायला हव्यात, कारण त्या तशाच राहिल्या तर माझा कोणताही सल्ला तुम्हाला नुसते सांत्वन वाटेल.

सुरुवात त्या तीन दिवसांपासून करतो. मी स्वतः बरीच वर्षे काचेच्या पलीकडे, रेकॉर्डिस्टच्या खुर्चीत काढली आहेत, त्यामुळे अशी कामे कशी चालतात हे मी जवळून पाहिले आहे. वादक सर्वांत खालच्या तारेपासून सुरुवात करतो. एकच सूर हळू, मग मध्यम, मग जोरात. मग तोच गज खाली ओढून आणि वर ढकलून. मग तुटक, मग कंपासह. आणि संगणक तोच आवाज पुन्हा वाजवतो आहे हे कानाला कळू नये म्हणून प्रत्येक प्रकाराच्या आणखी तीन-चार प्रती. मध्येच खुर्ची करकरली, बाहीचे बटण लाकडाला लागले, की तो सूर पुन्हा. दुपारपर्यंत वादक संगीत वाजवणे विसरलेला असतो. तो आपल्या हाताची यादी करून देत असतो. त्या यादीची किंमत तीन दिवसांच्या बिदागीत मोजली गेली, आणि ती यादी पुढे किती वर्षे, किती जणांच्या संगणकावर वाजत राहील याचा हिशेब करारात कुठेच नव्हता. तुमचा राग रास्त आहे. मात्र तो यंत्रावर काढण्याआधी त्या करारावर काढा, कारण लेबलचा जो कागद आज तुमच्या टेबलावर पडला आहे त्यात नेमकी तीच चूक दुसऱ्यांदा होऊ शकते.

वादकाचा हात यंत्रात साठवण्याची खटपट संगणकाच्याही आधीची आहे. १९६३ मध्ये बर्मिंगहॅम येथे मेलोट्रॉन नावाचे वाद्य तयार झाले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली फितीचा एक तुकडा असे आणि पट्टी दाबली की खऱ्या वादकाने आधी वाजवून ठेवलेला सूर सुमारे आठ सेकंद ऐकू येई. त्यातले व्हायोलिनचे आवाज तर विशेष लोकप्रिय झाले. त्याच्याही वीस वर्षे आधी अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, १ ऑगस्ट १९४२ पासून रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला होता. बोलपट आल्यावर चित्रपटगृहांतल्या वाद्यवृंदांची नोकरी गेली होती, रेडिओवर आणि ज्यूकबॉक्समध्ये तबकड्या वाजत होत्या, आणि ज्या तबकडीमुळे आपले काम जाते ती आपणच वाजवून का द्यायची, असा त्यांचा सवाल होता. हा बहिष्कार मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत नोव्हेंबर १९४४ पर्यंत चालला. यंत्र त्याने थांबले नाही, उलट एक चमत्कारिक गोष्ट घडली: गायक त्या संघटनेचे सभासद नसल्यामुळे ते मागे नुसता कोरस घेऊन गात राहिले, आणि युद्ध संपेपर्यंत बँडपेक्षा गायकाचे नाव मोठे झाले. तरीही वादकांनी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे एक छोटी रक्कम एका निधीत जमा होऊ लागली आणि त्या निधीतून वादकांना जाहीर कार्यक्रमांत काम मिळू लागले. माझ्या मते तुमच्या पत्राचा सगळा गाभा इथे आहे. यंत्र यावे की न यावे, हे वादकाच्या हाती कधीच नव्हते. ते आल्यावर त्याच्या कमाईत वाटा कोणाचा आणि कागदावर नाव कोणाचे, यावर मात्र भांडता आले आहे, आणि प्रत्येक वेळी पूर्ण हारही झालेली नाही.

आता तुमच्या गुरूंचा काळ. त्यांच्याविषयी मनात पूर्ण आदर ठेवून विचारतो: त्यांनी ज्या रेकॉर्डवर वाजवले त्यांच्या वेष्टनावर त्यांचे नाव होते का? डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचे उदाहरण घ्या. १९५९ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीच्या गाण्यांवर जग नाचले, पण ती गाणी वाजवणाऱ्या स्टुडिओतल्या वादकांची नावे अल्बमवर छापायला १९७१ साल उजाडावे लागले. आणि पुढच्याच वर्षी कंपनीने आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांचे रोजचे काम सुटले. तिथे संगणकाचा काही संबंध नव्हता. काम होते हे खरे, आणि नियमित होते हेही खरे, परंतु ते काम दोन-चार माणसांच्या बोलावण्यावर उभे होते, आणि तो फोन यायचा बंद झाला की वादकाजवळ ना हक्क उरत, ना श्रोत्यांचे पत्ते. तुमचीही सोळा वर्षे अशाच फोनवर गेली. तो फोन डिजिटल तंत्रज्ञानामुळे कमी वाजू लागला, हे मी नाकारत नाही. पण त्यावर सगळा भार टाकणे पूर्वीही धोक्याचेच होते.

तुमची दुसरी समजूत अशी की, चार हजार हा आकडा म्हणजे तुमच्या संगीतावर श्रोत्यांनी दिलेला निकाल आहे. इथे जरा सविस्तर बोलावे लागेल, कारण हा हिशेब फार थोड्या वादकांना कोणी समजावून सांगितलेला असतो.

स्ट्रीमिंगमध्ये एका ‘प्ले’चा असा ठरलेला दर बहुतेक ठिकाणी नसतो. वर्गणी आणि जाहिराती यांतून महिन्याला जे पैसे जमतात त्यांतला प्लॅटफॉर्मचा हिस्सा बाजूला काढतात, आणि उरलेली रास एकूण ऐकण्याच्या प्रमाणात हक्कधारकांमध्ये वाटतात. एक लहानसे उदाहरण देतो. समजा, त्या प्लॅटफॉर्मवर दोनच श्रोते आहेत आणि दोघांच्या वर्गणीतून वाटण्यासाठी प्रत्येकी शंभर नाणी येतात. पहिला दिवसभर मागे गाणी लावून ठेवतो आणि एका प्रसिद्ध गायकाचे नव्वद ट्रॅक ऐकतो. दुसरा फक्त तुमचे दहा ऐकतो, कान देऊन ऐकतो, आणि दुसरे काहीच ऐकत नाही. तुम्हाला वाटेल की दुसऱ्याची शंभर नाणी तुम्हाला मिळतील. मिळतात वीस, कारण शंभरपैकी दहाच ‘प्ले’ तुमचे. त्याची उरलेली ऐंशी नाणी, त्याने कधीही न ऐकलेल्या गायकाकडे जातात. श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्या कलाकारालाच मिळावेत, ही दुसरी पद्धत २०२१ मध्ये साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग सेवेने स्वतंत्र कलाकारांसाठी सुरू केली, पण मोठ्या प्लॅटफॉर्मवर आजही मुख्यतः रास करून वाटण्याचीच चाल आहे. तेव्हा तुमच्यासारख्या, थोड्या पण मन लावून ऐकणाऱ्या श्रोत्यांच्या वादकाला ही मोजपट्टी मुळातच गैरसोयीची आहे.

त्यात आणखी एक नियम. स्पॉटिफायवर २०२४ पासून, आधीच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या ट्रॅकला ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळत नाही. म्हणजे तुमच्या आठांपैकी सात रचनांनी तिथे काहीच कमावले नाही, याचे कारण त्या वाईट होत्या असे नसून त्या उंबरठ्याच्या अलीकडे राहिल्या एवढेच आहे. शिवाय तिथे तीस सेकंद ऐकले की एक ‘प्ले’ धरतात. पुढची सात मिनिटे कोणी डोळे मिटून ऐकली काय आणि एकतिसाव्या सेकंदाला पुढचे गाणे लावले काय, हिशेब सारखाच. तुमच्या रचना किती लांबीच्या आहेत हे तुम्ही लिहिलेले नाही, पण वाद्यसंगीत करणारा माणूस सहसा पहिल्या तीस सेकंदांत वातावरण तयार करत असतो. गाण्यांच्या सुरुवातीचे वाद्यतुकडे अलीकडे एवढे आखूड का झाले, याचे एक कारण तुम्हाला इथे सापडेल.

उद्योग बुडाला आहे का, तर तसेही नाही. ध्वनिमुद्रित संगीताचे जगभरातील उत्पन्न १९९९ नंतर घसरू लागले. त्याच वर्षी नॅप्स्टर ही फायलींच्या देवघेवीची सेवा आली होती आणि गाण्यांच्या फायली फुकट हिंडू लागल्या होत्या. २००३ मध्ये आयट्यून्सच्या दुकानाने एकेक गाणे ९९ सेंटला सुटे विकायला सुरुवात केली आणि त्याने अल्बमचा गठ्ठा सुटला. पण घसरण काही थांबली नाही. ती थांबली आणि २०१५ पासून चढ सुरू झाला तो प्रामुख्याने स्ट्रीमिंगमुळे. ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय महासंघानुसार २०२४ मध्ये हे उत्पन्न २९.६ अब्ज डॉलर होते आणि त्यातला दोन-तृतीयांशांहून अधिक भाग स्ट्रीमिंगचा होता. पैसा आहे, फक्त पंगत फार लांबली आहे. २०२२ च्या सुमारास या प्लॅटफॉर्मवर दररोज जवळपास एक लाख नवे ट्रॅक येत होते. पूर्वी रेकॉर्डिंग करणे महाग होते आणि एकदा रेकॉर्ड निघाली की ती दुकानात दिसे तरी. आज रेकॉर्डिंग घरातल्या खोलीत होते आणि दिसणे महाग झाले आहे. तुम्ही साठवलेले सर्व पैसे जे स्वस्त झाले आहे त्यावर खर्च केले, आणि जे महाग आहे त्यासाठी जवळ काहीच उरले नाही. हे मी ठपका म्हणून लिहीत नाही. गेल्या काही वर्षांत मला पत्र लिहिणाऱ्या वादकांपैकी बहुतेकांनी हेच केले आहे.

एक लाख ‘प्ले’ देणाऱ्या गृहस्थांविषयी थोडक्यात सांगतो: नको. ते ‘प्ले’ माणसांचे नसतात. प्लॅटफॉर्मना खोटे ऐकणे पकडता येते, पकडल्यावर ट्रॅक काढून टाकला जातो, दंड तुमचा अल्बम प्लॅटफॉर्मवर चढवणाऱ्या वितरकाला होतो आणि वितरक तो तुमच्याकडून वसूल करतो किंवा तुमचे खातेच बंद करतो. २०२४ मध्ये अमेरिकेत एका माणसावर, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली गाणी हजारो खोट्या खात्यांकडून वाजवून एक कोटी डॉलरहून अधिक रॉयल्टी लाटल्याचा फौजदारी आरोप ठेवला गेला. तुमचे गृहस्थ त्याच बाजाराच्या किरकोळ दुकानात बसलेले आहेत.

भाच्याच्या बाबतीत मात्र मी तुमच्याइतका कडवट नाही. त्याच्या बोलण्यातले “रोज” तेवढे बाजूला ठेवा. रोज काहीतरी टाकायचे म्हटले की महिनाभरात माणूस वादक राहत नाही, स्वतःच्या जाहिरातीचा कारकून होतो, आणि रियाजाचा वेळ आधी जातो. पण तुमच्या कामातून जे आपसूक उरते ते दाखवायला काय हरकत आहे? एखादी जागा डाव्या हाताच्या कोणत्या बोटाने घसरत जाते, गजाचा दाब कुठे सैल सोडला जातो, हे हातावर कॅमेरा ठेवून पंधरवड्याला एकदा दाखवा. मला ठाऊक असलेल्या एका चेलोवादक बाईंनी चेहरा न दाखवता केवळ हाताचे असे तुकडे टाकले. पाहणारे फार नव्हते, पण जे होते त्यांतले बरेचसे स्वतः वाजवणारे होते आणि त्यातूनच त्यांना विद्यार्थी मिळाले. फक्त एक पथ्य पाळा. ती जागा दुसऱ्याची आहे हे विसरू नका. २०२४ च्या फेब्रुवारीत युनिव्हर्सल म्युझिक आणि टिकटॉक यांचे फिसकटले, तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या संगीत कंपनीची गाणीही तिथून महिनोन्महिने गायब होती. मायस्पेस या एकेकाळच्या लोकप्रिय समाजमाध्यमाने तर २०१९ मध्ये कबूल केले की, सर्व्हर बदलताना बारा वर्षांत लोकांनी तिथे चढवलेले संगीत हरवले. कित्येक बँडजवळ त्या गाण्यांची दुसरी प्रत नव्हती. तुमच्या मूळ फायली दोन वेगवेगळ्या डिस्कवर, दोन वेगवेगळ्या जागी आहेत ना, हे आजच पाहा.

आता लेबलचा करार. तुम्ही त्यातले एकच वाक्य उतरवून पाठवले आहे, “सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी”. पण तेवढे पुरेसे आहे. हक्क विकणे आणि हक्क वापरायला देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर विकणे आणि भाड्याने देणे यांत जो फरक आहे तोच इथे आहे, आणि छोट्या लेबलला तुमचा अल्बम चालवायला भाड्याचा करार पुरतो. तीन किंवा पाच वर्षांची मुदत मागा. मुदत संपल्यावर हक्क आपोआप परत येतील असे लिहून घ्या. हिशेबाचे विवरण दर सहा महिन्यांनी मिळेल आणि ते तपासता येईल असे कलम घाला. आणि लेबल प्रत्यक्षात काय करणार आहे, किती ठिकाणी अल्बम पाठवणार, कोणाला ऐकवणार, किती खर्च करणार, हे शब्दांत उतरवायला सांगा. यावर ते गप्प बसले तर त्यांच्याजवळ देण्यासारखे फारसे नाही असे समजा, कारण अल्बम सगळ्या प्लॅटफॉर्मवर चढवण्याचे काम तुम्ही स्वतः वितरकामार्फत आधीच केलेले आहे.

त्या करारात आणखी एक गोष्ट शोधा, आणि नसेल तर घालून घ्या: तुमचे ध्वनिमुद्रण कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी वापरता येणार नाही, वापरायचे असल्यास वेगळी लेखी परवानगी आणि वेगळा मोबदला लागेल. जून २०२४ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या गाणी तयार करून देणाऱ्या सेवांवर दावे लावले ते याच मुद्द्यावर. त्या कंपन्यांजवळ वकिलांची फौज आहे. तुमच्याजवळ सही करण्यापूर्वीचे दहा दिवस आहेत. सॅम्पलच्या जुन्या करारातही याबद्दल काही लिहिले आहे का, हे एकदा जाणकार वकिलाकडून वाचून घ्या. त्यातून पैसे परत येतील अशी आशा मी तुम्हाला लावत नाही, पण तो कागद नेमक्या कशापुरता होता हे तुम्हाला कळलेले असावे.

तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेखच नाही असा एक विषय आहे, आणि हे सदर वाचणाऱ्या इतर वादक-गायकांनीही तो पडताळून पाहावा. एका ट्रॅकमध्ये दोन स्वतंत्र मालमत्ता असतात: एक रचना आणि दुसरे त्या रचनेचे ध्वनिमुद्रण. वितरक तुम्हाला जे पाठवतो ते दुसऱ्याचे पैसे. रचनेची रॉयल्टी वेगळ्या वाटेने, रचनाकारांच्या संस्थेमार्फत येते, आणि तुम्ही तिथे सभासद होऊन आठही रचना नोंदवल्या नसतील तर ती तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय १९६१ च्या रोम करारानंतर अनेक देशांत, रेकॉर्ड प्रसारित झाल्यावर वादक-गायकालाही कलाकार म्हणून काही हिस्सा देण्याची व्यवस्था आहे. सोळा वर्षांत तुम्ही ज्यावर वाजवले त्यातले काही त्यात बसते का, हे कलाकारांच्या संस्थेकडे विचारा. त्यासाठी कोणत्या ट्रॅकवर, कोणत्या तारखेला, कोणासाठी वाजवले याची यादी लागेल. जुन्या डायऱ्या काढा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख-क्रमांक असतो. तो आणि वादकांची नावे फायलीच्या मेटाडेटात, म्हणजे तिच्यासोबतच्या माहितीत, नीट भरलेली असतील तरच पैसे योग्य माणसापर्यंत जातात. हे काम रटाळ आहे, आणि त्यातून मोठी रक्कम निघेल असे नाही. पण तुमच्या गुरूंना नाव मिळत नव्हते ते वेष्टनावर जागा नाही या सबबीखाली. आज ती सबब उरलेली नाही, मग रकाना रिकामा का ठेवायचा?

स्टुडिओचे काम पूर्वीच्या रूपात परत येईल असे मला वाटत नाही, आणि तसे सांगितले तर मी तुमची फसवणूक केल्यासारखे होईल. लांब सुरांचे, मागे भरून ठेवण्याचे काम सॅम्पल करतात आणि यापुढेही करत राहतील. मात्र ज्यांनी संयोजन केले आहे त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: संगणकातल्या वीस व्हायोलिनांवर दोन खऱ्या व्हायोलिनांचा थर चढवला की सगळा ताफा श्वास घेऊ लागतो. आणि जिथे सुरातून सुरात घसरत जायचे असते, मींड घ्यायची असते, गज तारेला टेकतानाची अगदी बारीक खरखर ऐकू यायला हवी असते, तिथे यादी अपुरी पडते. तुमच्याइतके हे कोणाला माहीत असणार? ती यादी तुम्हीच तर करून दिली आहे; तिच्यात काय नाही हे तुम्ही संयोजकाला दोन मिनिटांत वाजवून दाखवू शकता. एकाच चालीच्या सोळा ताल-खंडांचा नुसत्या सॅम्पलचा एक तुकडा आणि वर तुमचे दोन थर दिलेला दुसरा, असा जोड नमुना तयार करा आणि ज्यांनी तुम्हाला पूर्वी बोलावले होते त्या प्रत्येकाला पाठवा.

घरी एक बरा मायक्रोफोन आणि शांत खोली असली तर हे काम जगातल्या कोणत्याही संयोजकासाठी करता येते. फायली कोरड्या, म्हणजे प्रतिध्वनी न चढवता द्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट हे माप बहुतेकांना चालते. प्रत्येक फायलीच्या नावात थर आणि टेक क्रमांक लिहा, आणि सगळ्या फायली एकाच बिंदूपासून सुरू होतील अशा कापा. मी तिकडच्या खुर्चीत बसलेलो आहे, म्हणून सांगतो: चांगले वाजवणारे पुष्कळ सापडतात, पण ज्याची फाईल उघडली आणि जागच्या जागी बसली, त्याला दुसऱ्यांदा फोन जातो. पहिल्याच कामाच्या वेळी एका ओळीत कळवा की हे वादन याच गाण्यापुरते आहे आणि श्रेयात नाव द्यावे.

सोडावे का, या प्रश्नाला “हो” किंवा “नाही” असे उत्तर मी देणार नाही, कारण प्रश्न विचारताना तुम्ही फक्त दोनच दारे दाखवली आहेत. शिकवणे, साथसंगत, दुसऱ्यांसाठी वाजवणे आणि स्वतःचे संगीत, अशा चार-पाच झऱ्यांवरच बहुतेक वादकांचे घर चालत आले आहे. त्यात अर्धवेळ नोकरीचा झरा जोडला गेला तर ती हार आहे असे कृपया मानू नका. घरखर्चाची बाजू तातडीची असेल तर आधी नोकरी पाहा. पोटाची चिंता असताना केलेले करार नेहमी महाग पडतात. दुसरा अल्बम दीड वर्ष तरी काढू नका, आणि त्यासाठी कर्ज तर मुळीच नको. या दीड वर्षात प्लॅटफॉर्मवरचे आकडे महिन्यातून एकदाच पाहा आणि स्वतःची एक वेगळी वही ठेवा: किती संयोजकांनी दुसऱ्यांदा बोलावले, किती जण पैसे देऊन शिकत आहेत, आणि किती श्रोत्यांचा ईमेल पत्ता, त्यांच्या संमतीने, तुमच्यापाशी आहे. दीड वर्षानंतर निर्णय त्या वहीवरून घ्या.

या तिसऱ्या रकान्यासाठी आता त्या अकरा जणांकडे येतो. चार हजार वेळा तुमची रचना ऐकणारे लोक कोण, हे प्लॅटफॉर्मला ठाऊक आहे आणि तुम्हाला नाही. त्यांतला एकही पत्ता तुमच्या हाती येणार नाही. या अकरांनी मात्र स्वतः होऊन नाव सांगितले. स्वरलिपी मागणारा माणूस नुसता ऐकणारा नसतो. तो ती रचना वाजवून पाहणार आहे, कुठेतरी अडणार आहे, आणि अडल्यावर ज्याने ती बांधली त्यालाच विचारणार आहे. तुम्हाला शिष्य मिळाले तर ते याच वाटेने येतील. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी, जे २००८ पासून चालू आहे आणि डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के ठेवून बाकीचे कलाकाराला देते, तिथे अल्बमसोबत स्वरलिपीही ठेवता येते. जॅक कॉन्टे या संगीतकाराने २०१३ मध्ये सहकाऱ्यासोबत पेट्रिऑन, म्हणजे चाहत्यांनी कलाकाराला थेट नियमित वर्गणी देण्याचे संकेतस्थळ, सुरू केले तेही, व्हिडिओ लाखो लोक पाहतात पण जाहिरातींतून हाती फारसे येत नाही, या स्वतःच्या अनुभवातूनच. अकरा ही काही पेट्रिऑन सुरू करण्याची संख्या नाही, हे मला कळते. पण वर्षभर कसलीही जाहिरात न करता, उत्तर न देता, अकरा लोक दाराशी आले आहेत. उत्तर दिल्यावर किती येतील, हे तुम्ही अजून पाहिलेलेच नाही.

तेव्हा लेबलला “दहा दिवसांत कळवतो” असे लिहून टाका आणि आज रात्री तिसरी रचना कागदावर उतरवायला घ्या. पहिल्या अकरांना ती तशीच पाठवा, उशिराबद्दल एका ओळीत क्षमा मागा, आणि शेवटी विचारा की त्यांपैकी कोण कोण व्हायोलिन वाजवते. आलेली उत्तरे मला कळवलीत तर आवडेल.